हलगी कोणाच्या हुकमाने वाजते?

१

कलेत भाग घेतल्याने माणसाचे आरोग्य सुधारते, असे सांगणारे संशोधन गेल्या तीस वर्षांत युरोपात मोठ्या प्रमाणावर झाले आहे. स्वीडनमध्ये १९८२-८३ साली सुमारे तेरा हजार लोकांच्या मुलाखती घेऊन १९९१ अखेरपर्यंत त्यांच्या जगण्यामरण्याची नोंद ठेवली गेली. त्याचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. नाटक, मैफल, प्रदर्शन यांना वारंवार जाणाऱ्यांच्या तुलनेत क्वचित जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. इंग्लंडमध्ये पन्नाशी गाठलेल्या वा ओलांडलेल्या ६,७१० स्त्रीपुरुषांचा चौदा वर्षे मागोवा घेतला गेला. तो अभ्यास २०१९ सालचा. दर काही महिन्यांनी वा त्याहून अधिक वेळा संग्रहालय, नाट्यगृह, मैफल येथे जाणाऱ्यांचा त्या काळात मृत्यू होण्याचा धोका, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी दिसला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कला आणि आरोग्य यांचा संबंध अधिकृतपणे मांडला.

हे संशोधन टाकाऊ आहे असे मला म्हणायचे नाही. शिकलेल्या माणसाने आकडा नाकारण्याआधी तो वाचला पाहिजे. हे आकडे काळजीपूर्वक काढलेले आहेत, आणि श्रीमंत माणूस नाटकालाही जातो व जगतोही जास्त, एवढेच त्यामागे असेल का, याचाही हिशोब संशोधकांनी केला आहे. पण हे सारे वाचत असताना एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. या प्रश्नावलीत ‘तुम्ही कलेत किती वेळा भाग घेता?’ असे विचारले जाते. ‘कोणाच्या हुकमाने?’ असे विचारले जात नाही. तिकडे कदाचित ते विचारण्याची गरज नसेल. आपल्याकडे मात्र हा प्रश्न सोडला तर सगळे संशोधनच उलटे उभे राहील.

माझा जन्म मातंगवाड्यातला. आमच्या घरात हलगी होती. माझ्या आजोबांनी हयातभर ती वाजवली. गावातले लग्न, वरात, जत्रा, मयत, यांपैकी काहीही त्यांच्यावाचून पार पडले नाही. इंग्लंडची ती प्रश्नावली त्यांच्यापुढे ठेवली असती तर कलेतील सहभागात त्यांचा नंबर सगळ्यांच्या वर लागला असता. त्यांचे आरोग्य मात्र त्या आलेखात कुठेच बसले नसते. मयतीला वाजवण्याचा मोबदला म्हणून त्यांना दारू मिळे. लग्नात वाजवल्यावर सगळ्यांची पंगत उठली की उरलेले अन्न मिळे, तेही लांब बसून. ताप असला तरी बोलावणे आले की जावे लागे. ‘आज नको’ म्हणण्याची सोय नव्हती. या एका वाक्यात या लेखाचे सगळे म्हणणे आहे.

२

गावगाड्यात दलितांच्या वाट्याला कला आली नाही, असे कोणी म्हणू नये. उलट गावाची निम्मी कला गावकुसाबाहेर राहत होती. हलगी, डफ, संबळ, सनई, तमाशाचा फड, वाघ्यामुरळी, जोगतीण, पोतराज. प्रश्न कला असण्यानसण्याचा नव्हता. ती कला जन्माने अंगावर टाकलेले काम होती. मेलेले जनावर ओढणे जसे काम, तसेच वाजवणे हेही काम. वतनाच्या आणि बलुत्याच्या व्यवस्थेत दोन्ही एकाच खात्यावर मांडलेली होती.

पोतराजाचेच उदाहरण घ्या. मरीआई ही पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची देवी. गावात साथ आली की मरीआईचा गाडा काढून तो शिवेपार न्यायचा, रोगराई गावाबाहेर घालवायची, अशी रीत होती. त्यासाठी पोतराज लागे. कमरेला चिंध्यांचा घागरा, हातात आसूड, आणि तो आसूड स्वतःच्याच उघड्या अंगावर ओढायचा. हा पोतराज बहुधा मांगवाड्यातला नाहीतर महारवाड्यातला असे. म्हणजे सबंध गावाचे आरोग्य राखण्याचा जो सामुदायिक कलाविधी होता, त्याचे वळ दलिताच्या पाठीवर उठत होते.

आता दुसरी बाजू पाहा. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो, हे लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ च्या साथीत दाखवून दिले. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात या रोगाचे जंतू ओळखले आणि तिथल्या तळ्याच्या पाण्यातही त्यांना ते आढळले. म्हणजे कॉलऱ्याचा प्रश्न पाण्याचा प्रश्न होता. आणि ज्या माणसाने गावाची पटकी अंगावर आसूड ओढून घालवायची, त्याला गावाच्या चांगल्या विहिरीला हात लावण्याची बंदी होती. तो आणि त्याची पोरे ओढ्याच्या डबक्यातले पाणी पीत होती. साथ आली की पहिली कोणाच्या घरात शिरत असेल, हे सांगायला वैद्यकशास्त्राची पदवी लागत नाही.

कला आणि आरोग्य यांचा आपल्याकडचा इतिहास असा आहे. तो मैफलीच्या तिकीटखिडकीपाशी सुरू होत नाही, पाणवठ्यावर सुरू होतो.

३

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला जी परिषद झाली, तिच्याकडे आपण नागरी हक्काचा लढा म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. पण आरोग्याच्या इतिहासकारानेही महाडला गेले पाहिजे. मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, शिळेपाके मागून खाऊ नका, स्वच्छ राहा, मुलांना शिकवा, हा संदेश त्या परिषदेतून गावोगाव गेला. आणि २० मार्चला हजारो माणसे चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्याली. डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना वेगळे उद्देशून राहणी बदलायला सांगितले. पाणी, अन्न, स्वच्छता, शिक्षण: आज आरोग्यशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकातले पहिले प्रकरण उघडा, हेच चार शब्द सापडतील. फरक एवढाच की पाठ्यपुस्तक ‘आरोग्य’ म्हणते आणि बाबासाहेब ‘स्वाभिमान’ म्हणत होते. मला वाटते, बाबासाहेबांनी रोगाचे मूळ अधिक खोलवर पाहिले होते. भुकेपोटी मृतमांस खाणाऱ्या माणसाला ‘त्याने रोग होतो’ एवढेच सांगून भागत नाही. ते खाणे त्याच्या वाट्याला कोणी लावले, हेही सांगावे लागते.

पण हे सांगायचे कसे? ‘मूकनायक’ १९२० मध्ये निघाले, ‘बहिष्कृत भारत’ १९२७ मध्ये आणि ‘जनता’ १९३० मध्ये. ही पत्रे ज्यांच्यासाठी होती त्यांच्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. ज्याला अक्षर येते त्याने चार जणांत बसून मोठ्याने वाचायचे, अशी रीत होती. या उणिवेतून आणि गरजेतून आंबेडकरी जलसा उभा राहिला. त्याची वाट सत्यशोधकांनी आधी पाडून ठेवली होती. जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापला, आणि पुढे त्या चळवळीतील मंडळींनी तमाशाचा साचा घेऊन सत्यशोधकी जलसे गावोगाव नेले. त्याच मार्गाने १९३० नंतर नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलसा उभा केला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला होता आणि नाशिक जिल्हा पेटलेला होता. कर्डकांनी या जलशांचा इतिहास ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ या आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवला. ते १९७८ साली प्रसिद्ध झाले. ते नसते तर आज आपल्या हाती फार थोडे उरले असते.

जलशाने काय केले? गण, गौळण, बतावणी, वग हा साचा तमाशाचाच. ढोलकी, तुणतुणे, झांज ही वाद्येही तीच. बदलला तो आतला आशय, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बदलला तो धनी. तमाशाचा फड पाटलाच्या सुपारीवर नाचत होता. जलसा चळवळीच्या हाकेवर निघाला. जलशात उभे राहणारे लोक व्यावसायिक कलावंत नव्हते. दिवसा गिरणीत, रेल्वेत, गोदीत, शेतात राबणारी ती माणसे होती. वगाचा विषय मृतमांस, दारू, बालविवाह, देवाला सोडलेली मुलगी, सावकार, शाळा हा. जो माणूस काल पोतराज होता त्याच्याच डोळ्यांपुढे पोतराजाचे सोंग उभे राही, आणि हसता हसता त्याचा हात आसुडावरून निघे. हे काम कोणत्याही आरोग्यखात्याच्या भित्तिपत्रकाला जमले नसते. भित्तिपत्रक ‘करू नका’ म्हणते. जलसा ‘आपण करत नाही आता’ म्हणत होता. ‘आपण’ हा शब्द त्यात औषधाचे काम करतो.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. इंग्लंडमधील काही संशोधकांनी प्रौढांच्या गाण्याच्या, हस्तकलेच्या आणि लेखनाच्या वर्गांचा सात महिने अभ्यास केला. निष्कर्ष २०१५ साली आले. शेवटी तिन्ही प्रकारच्या वर्गांत माणसे एकमेकांच्या जवळ आली. पण एकत्र गाणाऱ्यांत ही जवळीक फार लवकर निर्माण झाली. मुंबईच्या चाळीतली एक खोली डोळ्यांसमोर आणा. कोकणातला, नाशिकचा, साताऱ्याचा, घाटावरचा असे अनोळखी लोक पाळ्या बदलून त्या खोलीत झोपत. त्यांना एकमेकांचे व्हायला वर्षानुवर्षांची सवड नव्हती. एका रात्रीच्या सामुदायिक गाण्याने जे होते ते त्यांना हवे होते. आजारी पडल्यावर पेजेची वाटी कोण देणार, हे त्या गाण्यात ठरत होते.

४

‘वाजवणे सोडा’ असे बाबासाहेब म्हणत होते की ‘वाजवा’ असे? माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मला हे विचारले होते. प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर इतिहासातच आहे.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातील वाघ्या, मुरळी, जोगतिणी, देवदासी यांच्या सभेत बाबासाहेब बोलले. हे जिणे टाकून समाजाबरोबर या, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मुलींना देवाला सोडण्याविरुद्धचा कायदा मुंबई इलाख्यात १९३४ सालीच झाला होता. पण कायदा पुस्तकात आणि जोगतीण रस्त्यावर, ही स्थिती होती. पठ्ठे बापूराव महाडच्या लढ्यासाठी तमाशाचे पैसे देऊ करीत होते आणि दलित स्त्रीला नाचवून मिळालेले पैसे बाबासाहेबांनी नाकारले, अशीही आठवण चळवळीत सांगितली जाते. एकीकडे तमाशाच्या पैशाला नकार आणि दुसरीकडे तमाशाच्याच साच्यातल्या जलशाचे कौतुक, यांत विसंगती नाही. एकात देह दुसऱ्याच्या मालकीचा आहे, दुसऱ्यात स्वतःच्या.

इथे आपल्याही घरात दिवा न्यायला हवा. दामोदर हॉलमधल्या त्या स्त्रियांपुढे पोटाचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न समाजाने पुरता सोडवला नाही. जलशात स्त्रीपात्रेही बहुधा पुरुषच करीत. स्त्री समोर बसून ऐकत होती. फडावरची स्त्री तर आपल्या चळवळीच्या इतिहासातून बराच काळ बाहेरच राहिली. विठाबाई नारायणगावकरांची हकीकत सर्वश्रुत आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, कनातीमागे बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या, असे सांगतात. लोक ही गोष्ट कलेवरील निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतात आणि टाळ्या वाजवतात. मला त्यात निष्ठा दिसते, तशीच एक बाळंतीणही दिसते, जिला विश्रांतीचा हक्क नव्हता. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही कलावती २००२ साली विपन्नावस्थेत गेली. ‘कलेतील सहभाग’ या शब्दाखाली तिचे आयुष्य कोणत्या रकान्यात टाकणार?

५

आमच्या गावी बौद्धवाडा आणि मातंगवाडा यांच्यामध्ये एक बोळ होता. संध्याकाळी विहारात बायका गाणी म्हणत. वामनदादा कर्डकांची गाणी त्यांना पाठ होती. माझी आई तो बोळ ओलांडून तिथे जाऊन बसे. आधी ऐकायला, मग म्हणायला. त्या मंडळातल्या बायकांनीच तिला सरकारी दवाखान्यात नाव घालायला नेले, त्यांनीच माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी रात्री बैलगाडी जुंपायला लावली. गाणे आणि दवाखाना यांचा संबंध मला कोणत्याही अहवालाआधी या बायकांनी शिकवला. गाण्याने ताप उतरत नाही. पण गाण्यासाठी जमलेली माणसे ताप आल्यावर दारात येतात.

आणि ती हलगी? माझ्या वडिलांनी मयतीला वाजवणे बंद केले. त्यावरून गावाने काही महिने त्यांना काम दिले नाही. पण १४ एप्रिलला आणि १ ऑगस्टला, अण्णाभाऊंच्या जयंतीला, त्यांनी हलगी काढली की ती रात्र सरत नसे. कातडे तेच, टिपरी तीच, मनगट तेच. पूर्वी आजोबा वाजवून घरी आले की कोणाशी बोलत नसत. जयंतीहून वडील आले की त्यांना झोप येत नसे, ते बोलतच राहत. संशोधकाला मोजायचे असेल तर त्याने हा फरक मोजावा.

६

हा फरक मोजण्याची गरज का आहे? कारण जातीचा संबंध आयुष्याच्या लांबीशी आहे. उत्तर व पूर्व भारतातील नऊ राज्यांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. सवर्ण हिंदूंच्या तुलनेत दलितांचे सरासरी आयुर्मान तीन वर्षांहून अधिक, आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी, असे त्यात आढळले. यातली निम्म्याहून कमी तफावत गरिबीने समजावता येते. उरलेली गरिबीने समजावता येत नाही. म्हणजे पैसा सारखा असला तरी आयुष्य सारखे नाही. ही उरलेली वर्षे कुठे जातात, हा आपल्या पिढीच्या संशोधनाचा खरा विषय आहे. अपमान शरीरात कसा मुरतो आणि मान परत मिळाल्यावर शरीर कसे सावरते, हे विचारायला जलसा, भीमगीत, हलगी यांइतके चांगले क्षेत्र दुसरे नाही.

मात्र एका धोक्याची सूचना इथेच देतो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१९ च्या आपल्या योजनेत रुग्णांना गायनवृंद, बागकाम, कलावर्ग यांकडे जोडून देण्याची व्यवस्था स्वीकारली. तिथे दवाखाना आहे, त्याच्या जोडीला गाणे आले. आपल्याकडे दवाखान्याऐवजी गाणे येऊ शकते. गटारात माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने बंद केले, तरी आजही त्यात उतरून माणसे गुदमरून मरतात. त्यांच्या वस्तीत कलापथक पाठवून ‘मानसिक स्वास्थ्य’ साधण्याची योजना कोणी आणलीच, तर तिला ओळखायला शिकले पाहिजे. तो नव्या वेषातला मरीआईचा गाडा असेल.

गाण्याची ताकद मर्यादित आहे, हे आपल्याच शाहिरांनी प्राणांनी सांगितले आहे. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारून महाराष्ट्र जागा करणारे अण्णाभाऊ साठे १८ जुलै १९६९ रोजी, वयाची एकोणपन्नाशीही न गाठता, हलाखीत गेले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे मेली, आणि त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. ज्याच्या आवाजाने हजारोंना बळ दिले त्याला स्वतःचा आवाज पुरला नाही. न्यायाची जागा गाणे घेऊ शकत नाही. न्याय मिळेपर्यंत माणसाला उभे ठेवण्याचे काम ते करते, तेही गाणाऱ्याच्या पाठीशी माणसे उभी असतील तर.

७

माझ्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना मी या विषयावर काम करायला सांगतो तेव्हा त्यांना काही प्रश्न लिहून देतो. वाचकांपैकी जे शिक्षक वा कार्यकर्ते आहेत त्यांनीही ते वापरावेत. तुम्हांला गायला-वाजवायला कोण बोलावत होते? नाही म्हटले असते तर काय झाले असते? मोबदला काय मिळे, पैसा की धान्य की दारू? जेवायला कुठे बसवत? बाई असाल तर घरून परवानगी होती का, आणि परतीच्या वाटेची भीती होती का? त्या मंडळामुळे घरातली दारू, मुलांची शाळा, दवाखान्याची वाट यांत काय बदलले? गाऊन आल्यावर त्या रात्री झोप कशी लागे? यातल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पुढच्यांना अर्थ नाही. सहभाग मोजण्याआधी नकाराचा अधिकार मोजला पाहिजे.

हे काम आता लांबवता येणार नाही. जलसे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले अशी माणसे अगदी थोडी उरली आहेत. त्यांच्यासोबत चाली जातील, वगातले संवाद जातील, आणि कोणत्या गावात कोणत्या जलशानंतर मृतमांस सुटले ही नोंदही जाईल. जयंतीच्या मिरवणुकीत आता डीजेची भिंत उभी राहते. भाड्याने आणलेल्या आवाजापुढे शेकडो तरुण नाचतात, पण गाणारा त्यांत कोणी नसतो. हुकमाने वाजवणे आपण सोडले, हे मोठे काम झाले. पण आता आपल्या मर्जीने गाणेही आपण सोडून देणार का, हे वस्तीवस्तीत बसून ठरवायला हवे. ज्या वस्तीत अजून चार बायका संध्याकाळी विहारात जमून गातात, तिथे आधी जा. त्यांचे नाव वहीत लिहा, त्यांचे गाणे ऐका, मग त्यांच्या दुखण्याखुपण्याची चौकशी करा. याच क्रमाने करा.